छे हो, दम कसला

"जिना चढताना दम लागतो का, काका?" डॉक्टरांनी विचारलं आणि बाबा म्हणाले, "छे हो, दम कसला!"

ती तेव्हा जमिनीवर उकिडवी बसून बाबांच्या डाव्या बुटाची लेस बांधत होती. वजनकाट्यावर उभं राहायचं म्हणून बूट काढावे लागले होते. वजन झालं, सिस्टरने आकडा मोठ्याने सांगितला, बाबा खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी नेहमीसारखा पाय पुढे केला. ती खाली बसली. वरून ते 'छे हो' आलं आणि तिच्या डोक्यात सणक गेली. या दोन शब्दांशी तिचं जुनं वैर होतं. शेजाऱ्यांनी चहा विचारला, छे हो. बसमध्ये पाकीट मारलं गेलं, छे हो, होतं काय त्यात. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनी गळा काढून विचारलं, आता एकटं एकटं वाटत असेल ना, तेव्हासुद्धा छे हो. आणि मग हाच माणूस आतल्या खोलीत जाऊन आईच्या कपाटाचं दार उघडून नुसता उभा राहिलेला तिने पाहिला होता. लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचं तिचं काम. तिथे ती एक गोष्ट शिकली होती. जे आरडाओरडा करतात ते बहुतेक बाहेर उभे असतात. जे शांतपणे, जरा ओशाळून, तसं फार काही नाही हो, म्हणतात, ते आत अडकलेले असतात.

"आणि रात्री उशा किती लागतात?"

"उशा काय, असतात आपल्या. मऊ असतात म्हणून घेतो."

"बसल्या जागी दम?"

"बसल्या जागी दम लागायला मी काय खुर्चीत पळतोय?"

डॉक्टर हसले. तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं, बोटं कीबोर्डवर आणि नजर पडद्यावर. बाबांना हसवता आलं की बाबा खुलतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता ते थांबणार नाहीत. सिस्टरलासुद्धा एखादा विनोद ऐकवतील आणि माणूस किती छान आहे, असं सगळ्यांना वाटून जाईल. "आणि स्वतःची कामं? आंघोळ, कपडे, बूट-मोजे?" डॉक्टरांनी विचारलं. "सगळं माझं मी," बाबा म्हणाले. "कुणाला हात लावू देत नाही." तिने दुसरा फास ओढून गाठ घट्ट केली आणि उभी राहिली.

मग डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि समजावून सांगितलं, अगदी नीट, घाई असूनही. हृदय कमजोर झालेल्या माणसांचे चार वर्ग करतात. पहिल्यात त्रासच नाही, चौथ्यात बसल्या जागीसुद्धा दम. बाबांचा फोटो, म्हणजे सोनोग्राफीतला, काही बरा नाही. पंप बराच दमलाय आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींशी जुळवून घेत नाहीत. औषधं घेऊनही चालता-बोलता दम लागत असता, तर ठोके एका तालात आणणारं यंत्र बसवायचा विचार त्यांनी आजच केला असता. पण रिपोर्ट एक बोलतो आणि माणूस दुसरंच. "मी माणसाचं ऐकतो," डॉक्टर म्हणाले. "काका ठणठणीत आहेत. दुसरा वर्ग. सहा महिन्यांनी या." आणि तिच्याकडे बघून, "नशीबवान आहेत, मुलगी सोबत येते." बाबा म्हणाले, "ती उगाच येते." डॉक्टर पुन्हा हसले.

ती काही बोलली नाही. याचाच तिला नंतर, बाहेरच्या लांब बाकावर, सगळ्यात जास्त राग आला. बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण चारचौघांत बाबांना खोटं पाडायचं म्हणजे काय, तर 'काय बाबा तुम्ही पण' एवढं म्हणून हसायचं, आणि तिने तेवढंच केलं होतं. हसली होती ती! बाबा बाकावर टेकले होते, एक हात गुडघ्यावर, दुसरा बाकाच्या कडेला घट्ट. खोलीतून इथवर आल्यावर ते बोलत नव्हते. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र होतं, ते मन लावून वाचत होते. ती हे वाचणं ओळखत होती. लिफ्ट बंद असली की बाबा जिन्यात प्रत्येक मजल्यावर दारांवरच्या पाट्या वाचायचे. यांनी नवी पाटी लावली वाटतं. हे कधी आले राहायला? रस्त्यात दुकानांच्या काचांतले भाव वाचायचे, बागेत झाडांना खिळलेली नावं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, चौकसपणा आहे, आयुष्यभराची सवय आहे. वाचून झालं की मग ते बोलायचे, आणि पहिलं वाक्य नेहमी लहान असायचं.

"पिलूची... शाळा सुटायच्या आत पोचू," बाबा म्हणाले.

पिलू. तिची मुलगी. बालवाडीतून पिलूला घरी आणायचं काम बाबांचं होतं, आणि ते काम नव्हतंच, त्यांचा दिवस त्या एका तासावर उभा होता. त्याआधी दाढी, स्वच्छ शर्ट, खिशात दोन गोळ्या, एक पिलूची आणि एक त्यांची. तिनेच एकदा बोट नाचवत बजावलं होतं, जसं पिलूला बजावते तसंच: हे बघा बाबा, तुम्हाला दम लागायला लागला ना, की पिलूला आणणं बंद, आधीच सांगून ठेवते. बाबा म्हणाले होते, बरं बाई. त्यानंतर बाबांना कधी म्हणून दम लागला नाही. आणि परवा पिलू जेवताना पाय हलवत सांगत होती, आजोबा ना, प्रत्येक फाटकाशी पुतळा होतात. मीपण होते. माझा पुतळा हसतो. आजोबांचा हसत नाही, आजोबांचा एकदम खरा असतो, त्याला घामपण येतो. सगळे हसले होते. नवरा म्हणाला होता, मग बक्षीस आजोबांनाच. बाबा ताटात बघून हसले होते. शाळेपासून घरापर्यंत फाटकंच फाटकं आहेत. ती आज, या बाकावर बसून, मनातल्या मनात त्या रस्त्याने चालून आली. प्रत्येक फाटकाशी लोखंडी गज धरून उभा असलेला तिचा बाप, तोंड मिटलेलं, कपाळावर घाम, आणि शेजारी हात वर करून, एक पाय उचलून, डुगडुगत उभी तिची मुलगी, बाजूने गाड्या जाताहेत. आणि एखाद्या दिवशी पुतळा पडला तर? पिलू टाळ्या वाजवेल. तिला वाटेल, आजोबा हरले.

तिला ओरडावंसं वाटलं. या माणसाचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. माझी पोर तुमच्या हाताला धरून चालते आणि तुम्ही डॉक्टरांना विनोद ऐकवता! तिने बाबांकडे रोखून पाहिलं. ते हात धुण्याच्या शेवटच्या चित्राशी पोचले होते. मानेशी शर्टाची कॉलर सैल झाली होती, आणि त्या सैल कॉलरमधून दिसणारी मान इतकी ओळखीची होती, की तिचा राग एक क्षण अडखळला आणि मग त्या अडखळण्याचाही तिला राग आला. ह्या मानेवर बसून ती गावभर फिरली होती. शाळेला सुट्टी असली की बाबा तिला कामावर न्यायचे. विजेची मीटरं वाचायचं काम. हातात टॉर्च, कानामागे पेन्सिल. जिन्याखालच्या जळमटांत, गच्चीच्या दाराशी, लोकांच्या स्वयंपाकघरातल्या फळीमागे, जिथे तिथे मीटर. बाबा दिवसभर दुसऱ्यांचे जिने चढायचे आणि शीळ घालत चढायचे. एकदा एका बंद दिसणाऱ्या घराचं रीडिंग जवळजवळ हललंच नव्हतं. तिला वाटलं, बरं झालं, यांना कमी बिल येणार. बाबांनी आकडा लिहिला नाही. म्हणाले, रीडिंग इतकं कमी आलं की आधी घरात डोकवायचं. एक तर कुणी राहत नाही, नाहीतर कुणीतरी मीटरला लोहचुंबक लावून चाक धरून ठेवलंय, नाहीतर... आणि ते आत गेले. आत एक म्हातारे गृहस्थ अंधारात कोट घालून बसले होते. त्यांनी दिवा लावणं सोडलं होतं, शेगडी सोडली होती, रेडिओ सोडला होता. मीटर बिघडलं नव्हतं, कुणी लबाडी केली नव्हती. घरात काही चालूच नव्हतं. आम्हाला काही लागत नाही हो, असं ते गृहस्थ म्हणाले होते. परत जाताना बाबा शीळ घालायला विसरले होते.

तिने डोळे मिटले. दिवे कुणी बंद केले? बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल तिने आणलं, उभ्याने आंघोळ नको म्हणून. बाबांचे कपडे वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात तिने लावले. खोली बदलून बाथरूमजवळची दिली. तिसरी उशी तिने दिली, एक दिवस बाबांना भिंतीला टेकून झोपलेलं बघून. बाजाराची पिशवी तिने काढून घेतली, खिडकीच्या पडद्याची दोरी, पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, सगळं हाताशी. प्रेमाने केलं. कामावरून आल्यावर, पिलूला भरवता भरवता, एका हाताने पोळ्या... नाही, कौतुक नको. तिने केलं, आणि बाबांना त्रास होईनासा झाला. कसा होणार? त्रास होईल असं काही उरलंच नव्हतं. चाकाला हात लावून ते थांबवून धरणारी तीच होती, आणि आज आत जाऊन तिने डॉक्टरांना दाखवलं होतं: बघा, किती कमी आकडा. नशीबवान आहेत. मुलगी सोबत येते. रागाने तिचे कान तापले. तिला त्या 'नशीबवान'ला धरून भिंतीवर आपटावंसं वाटलं.

तिने मान खाली घातली, आणि तिथे बूट होते.

काळे, टाचेला एका बाजूने झिजलेले. चप्पल बाबांना चालत नसे. चपलेने जिन्यात फटक फटक होतं आणि कुत्री भुंकतात, म्हणायचे. बुटांवर तिची गाठ होती. दोन कान करून एकमेकांतून ओवायची, पिलूला शिकवताना ती जिला सशाची गाठ म्हणते, ती. पिलूच्या बुटांना तीच, तिच्या स्वतःच्या बुटांना तीच. पण पिलूच्या बुटांची गोष्ट वेगळी होती. पिलू पाय मागे ओढते. मी, मीच, म्हणते. आणि सकाळी ऑफिसला उशीर होत असताना, दूध उतू जाणार असताना, ती स्वतः दारात दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहते, कारण बालवाडीच्या बाईंनी सांगितलंय, करू द्या, चुकू द्या, तुम्ही हात लावू नका. ससा पळून जातो, पुन्हा धरला जातो, पुन्हा पळतो. ती थांबते. बाबांचा पाय मात्र पुढे आला, आणि ती खाली बसली. कधीपासून? तिने आठवून बघितलं. आई होती तेव्हा बाबा जिन्याच्या पायरीवर पाय ठेवून, वाकून, स्वतः बांधायचे, गाणं म्हणत. मग कधीतरी एकदा, असंच, घाईत, थांबा मी बांधते. मग पुन्हा एकदा. मग विचारणं-सांगणंच बंद झालं, पाय नुसता पुढे यायला लागला. मघाशी आत डॉक्टरांनी विचारलं, बूट-मोजे, आणि बाबा म्हणाले, सगळं माझं मी. तेव्हा लेस तिच्या बोटांत होती! आणि ते खोटं बोलत नव्हते. जिन्याचं खोटं होतं, उशांचं खोटं होतं, पण हे त्यांना खरंच वाटत होतं. डॉक्टरांना दिसलं नाही. बाबांना दिसलं नाही. आणि जमिनीवर बसून बांधणाऱ्या तिलासुद्धा दिसलं नव्हतं.

ती उठली. "चला."

"औषधं त्या बाजूला मिळतात."

"आत चला."

"आता कशाला? झालं ना सगळं."

"बाबा, उठा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, बाबा उठले. दाराशी सिस्टर आडव्या आल्या. "ताई, आता दुसरे पेशंट जाणार आत."

"एकच मिनिट."

"सगळ्यांचं एकच मिनिट असतं."

"माझं खरंच एकच आहे," ती म्हणाली आणि दार ढकललं.

डॉक्टरांनी वर बघितलं. "काका? काही विसरलं का?"

"हिचं विसरलं," बाबा म्हणाले. "माझं सगळं आहे जागेवर."

"बसा," तिने बाबांना खुर्ची ओढून दिली. ते बसले आणि ती समोर वाकताच डावा पाय आपणहून पुढे आला. तिने लेसचं टोक धरून ओढलं. गाठ सुटली. दोन्ही टोकं दोन बाजूंना पडली. ती उभी राहिली.

"बांधा, बाबा."

"म्हणजे?"

"लेस. सगळं माझं मी करतो म्हणालात ना. बांधा."

"अगं, हा काय पोरखेळ लावलायस डॉक्टरांसमोर..."

"बांधा."

"ताई, याची काही..." डॉक्टर म्हणाले.

"आहे. गरज आहे. तुम्ही फक्त बघा. तिकडे कॉम्प्युटरमध्ये नको, इकडे बघा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. असं त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मीटर वाचायला गेल्यावर दारावर कुणी अपमान केला की ते घरी येऊन भिंतीकडे बघायचे, तसं. मग ते वाकले. पोट मांड्यांवर दाबलं गेलं, हात खाली पोचले, बोटांनी टोकं शोधली. पहिला कान झाला. तिने हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले. खोलीत एक आवाज यायला लागला, आधी तिला वाटलं पंख्याचा. मानेवरची शीर फुगून कॉलरच्या वर आली. कानांचा रंग बदलला. दुसरा कान होईना. पुरे, तिला वाटलं, पुरे, पुरे, आणि तिचे हात सुटू बघत होते, आणि फक्त रागाने ते धरून ठेवले होते. राग नसता तर ती केव्हाच खाली बसली असती आणि सहा महिन्यांनी पुन्हा आली असती, किंवा आली नसती. लेस बोटांतून निसटली. बाबा वर आले ते पाण्याखालून वर आल्यासारखे, तोंड उघडं, डोळे मोठे, दोन्ही हात खुर्चीच्या कडेवर.

डॉक्टर केव्हाच उठून आले होते. त्यांनी बाबांचं मनगट धरलं. "काका, दम लागतोय?"

बाबांनी मान हलवली. "छे..." म्हणाले. 'हो' काही आलं नाही.

सिस्टरने पाणी आणलं, ते तसंच राहिलं. श्वास हळूहळू जागेवर आला तेव्हा डॉक्टर स्टूल ओढून बाबांसमोर बसले, पडद्याकडे पाठ करून, आणि त्यांनी मघाचेच प्रश्न पुन्हा विचारले. जिना? उशा? आंघोळ? तिने ओठ आवळून धरले होते. एक अक्षर बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. बाबा जमिनीकडे बघत उत्तरं देत होते. मध्ये थांबून. तीन. स्टुलावर बसून. आणि सपाट रस्त्यावर? बाबांनी खुर्चीची कड चाचपली. मग म्हणाले, "फाटकाशी थांबतो."

"कुठल्या फाटकाशी?"

"सगळ्याच."

डॉक्टर उठून खुर्चीत गेले. "माझ्यासमोर बांधत होतात तुम्ही लेस," ते तिला म्हणाले, आणि आवाज मघासारखा हसरा नव्हता. "मी बघायला हवं होतं." मग पडद्यावरचा दोनचा आकडा त्यांनी पुसला. तिसरा वर्ग. आज इथेच राहायचं, सकाळी पुन्हा सगळ्या तपासण्या, मग यंत्राचं बोलू. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला फक्त हात दुखतायत असं वाटलं. पंजांवर नखांचे अर्धे चंद्र उमटले होते.

"पिलूचं काय?" बाबांनी विचारलं. तिच्याकडे न बघता.

"शाळेत फोन करते. मी आणेन."

"पुतळा खेळायचा असतो तिला."

"घरी खेळा. बसून."

"बसून पुतळा कसला," बाबा पुटपुटले.

सिस्टर चाकांची खुर्ची आणायला गेल्या. डॉक्टर फोनवर कुणाशी तरी खाट मागत होते. डाव्या बुटाची लेस जमिनीवर तशीच पडली होती, एक अर्धा कान आणि एक मोकळं टोक. ती बघत उभी राहिली. तिचा राग अजून गेला नव्हता. ती खाली बसणार नव्हती. बाबांनी बुटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पाय पुढे आला नाही. तो खुर्चीखाली मागे ओढून घेतलेला होता, पिलू घेते तसा.

"बांध," बाबा म्हणाले.

"काय?"

"लेस. मला नाही जमत."

ती खाली बसली. सुटलेला ससा धरला, दुसरा कान केला आणि इतका जोरात ओढला की बाबांचा पाय हलला.

"मग आधी सांगायचं ना," ती म्हणाली.

"सांगतोय ना," बाबा म्हणाले.